टेबल खरंच अक्रोडाचं आहे का? रंग सोडा, टोक पाहा

पुण्याच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. शोरूममध्ये त्यांनी सहा माणसांचं डायनिंग टेबल पाहिलं. रंग गडद चॉकलेटी, आणि विक्रेता छातीठोकपणे ‘सॉलिड वॉलनट’ म्हणतो. घरी वडिलांनी श्रीनगरहून आणलेलं कोरीव टीपॉय आहे, तेही अक्रोडाचंच, पण रंगाने फिकट तपकिरी, जरासं पिवळसर. दोन्ही अक्रोड असतील तर एवढा फरक कसा? ओळखायचं कसं? टीपॉय खरवडून, गडद पॉलिश मारून टेबलाशी जुळवून घ्यावं का? आणि शोरूमऐवजी आपल्या सुताराकडून टेबल करून घेतलं तर त्याला काय सांगावं?

टीपॉयचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर नुकसान भरून येत नाही. टीपॉय खरवडू नका. कोरीवकामावर मशीन फिरली की पानांच्या कडा बोथट होतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. त्याचं काय करायचं ते पुढे सविस्तर सांगतो.

आता रंग. फरक आहे म्हणून दोघांपैकी एक खोटं, असं समजू नका. काश्मीरचा अक्रोड म्हणजे जुग्लान्स रेजिया, ज्याची फळं आपण खातो तेच झाड. शोरूममध्ये ज्याला वॉलनट म्हणतात तो खरा असेल तर बहुधा अमेरिकेच्या पूर्व भागातला काळा अक्रोड, जुग्लान्स नायग्रा. दोघं एकाच कुळातले, पण अमेरिकन लाकूड मुळातच गडद आणि किंचित जांभळट झाक असलेलं. काश्मिरी अक्रोडात तर एकाच झाडात तीन रंग मिळतात. मुळाकडचं लाकूड सगळ्यात काळपट, खोडाचं मध्यम तपकिरी आणि रेघा सुंदर, फांद्यांचं फिकट आणि जवळजवळ बिनरेघांचं. त्यात भर म्हणून अमेरिकेतल्या लाकूड गिरण्या कापलेल्या अक्रोडाला वाफ देतात. बाहेरच्या पांढुरक्या भागाला गाभ्याचा थोडा रंग चढावा आणि माल एकसारखा दिसावा, हा हेतू. त्या वाफेत गाभ्यातली जांभळट छटा मात्र बरीचशी जाते.

अक्रोडाची आणखी एक खासियत लक्षात ठेवा. साग वयाबरोबर गडद होतो, अक्रोड उजेडात वर्षानुवर्षं फिकट होत जातो. वडिलांनी आणलं तेव्हा तुमचं टीपॉय आजच्यापेक्षा नक्की गडद असणार. खात्री करायची असेल तर उलटं करून तळाची, उजेड न लागलेली बाजू पाहा. म्हणून ‘एवढं फिकट आहे, म्हणजे अक्रोड नसेल’ हा तर्क चुकतो, आणि ‘एवढं गडद आहे, म्हणजे वॉलनटच’ हा त्याहून जास्त चुकतो. गडद तपकिरी रंग डब्यात मिळतो.

नावांचा घोळही मोठा आहे. ‘ईस्ट इंडियन वॉलनट’ म्हणजे आपला शिरीष. ‘आफ्रिकन वॉलनट’ महोगनीच्या कुळातला, ‘ब्राझिलियन वॉलनट’ म्हणजे इपे. यांपैकी एकाचाही अक्रोडाशी संबंध नाही. शिरीषाचं लाकूड वाईट नाही, त्याच्या स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या भावाने घेतलं तर उत्तमच. शिवाय ‘वॉलनट फिनिश’ असं लिहिलेलं असेल तर तो फक्त रंग. आत रबरवुड, आंबा, एमडीएफ, काहीही असू शकतं.

आता टेबलाकडे वळू. शोरूममध्ये दोन वेगळे प्रश्न सोडवायचे असतात: हे सॉलिड आहे की वर पातळ थर चिकटवलेला आहे, आणि ते लाकूड कोणतं. लोक दोन्ही एकत्र करतात आणि विक्रेत्याला निसटायला जागा देतात.

पहिला प्रश्न सोपा आहे. टेबलटॉपच्या रुंदीच्या बाजूला, म्हणजे फळ्यांची टोकं जिथे संपतात तिथे, गुडघ्यावर बसा. वरच्या पृष्ठभागावरची एखादी ठळक रेघ निवडा आणि ती कडेवरून खाली कशी उतरते ते पाहा. सॉलिड फळी असेल तर टोकाला लांब रेघा दिसणारच नाहीत. तिथे आडवा छेद असतो: बारीक छिद्रांचे ठिपके आणि वर्षवलयांचे कमानदार तुकडे, आणि वरची प्रत्येक रेघ अशा एकेका कमानीला येऊन मिळते. टोकालाही वरच्यासारख्याच लांब, आडव्या रेघा दिसल्या तर ती लिपिंगची, म्हणजे कड झाकायला चिकटवलेली पट्टी आहे, आत प्लाय किंवा बोर्ड. सॉलिड टॉपलाही कधी टोकाला आडवी पट्टी जोडतात, पण तिथे पट्टी टॉपइतकीच जाड असते आणि जोडाची रेघ वर आणि खाली दोन्हीकडे दिसते. त्यानंतर टेबलाखाली वाका. वर एखादी गाठ असेल तर साधारण त्याच जागी खाली तिची काही खूण आहे का? फळ्यांचे सांधे वर जिथे आहेत तिथेच खाली आहेत का? वर अक्रोड आणि खाली सपाट, बिनचेहऱ्याचं काहीतरी असेल तर व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर.

व्हिनिअर ऐकून नाक मुरडू नका. आपल्याकडच्या बाजारात आठ बाय चारच्या पातळ प्लायवर साधारण अर्धा मिलिमीटर अक्रोड चिकटवलेला मिळतो, आणि वॉर्डरोबच्या दारांना, मोठ्या पॅनलना मी स्वतः तोच सुचवतो. एवढी रुंद सॉलिड फळी आपल्या पावसाळ्यात सरळ राहणं कठीण. मात्र त्यातही रिकॉन व्हिनिअर वेगळं ओळखा: पॉपलरसारख्या हलक्या लाकडाचे पातळ थर रंगवून, दाबून, पुन्हा कापून ते करतात. रेघा अगदी सरळ, समान अंतरावर, आणि एका शीटवरची नक्षी दुसऱ्या शीटवर जशीच्या तशी. झाड अशा मापून रेघा ओढत नाही. व्हिनिअरला व्हिनिअरचा भाव द्यावा, एवढंच माझं म्हणणं. सॉलिड सांगून तेच विकणं ही फसवणूक आहे.

दुसरा प्रश्न, लाकूड कोणतं, याचं उत्तर आडव्या छेदात आहे. त्यासाठी दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि कटरचं कोरं पातं लागतं. शोरूममध्ये विक्रेत्याला विचारून पायाच्या तळाला, ड्रॉवरच्या आतल्या टोकाला किंवा त्याच मालाच्या नमुन्याच्या तुकड्यावर हे करता येतं. आडव्या छेदावर मुगाएवढ्या जागेत पातं आडवं धरून कागदासारखा पापुद्रा काढा. पातं बोथट असेल तर छिद्रं चेंगरतात आणि काहीच दिसत नाही. काप स्वच्छ हवा. मग ओल्या बोटाने तिथे किंचित पाणी लावा, भिंग डोळ्याजवळ घ्या आणि लाकूड भिंगाच्या जवळ आणा.

अक्रोडात काय दिसतं? प्रत्येक वर्षवलयाच्या सुरुवातीला छिद्रं मोठी, नुसत्या डोळ्यांनाही जाणवतील अशी. वलय संपत येतं तशी ती हळूहळू बारीक होतात. हे ‘हळूहळू’ फार महत्त्वाचं आहे. छिद्रं दाटीने नसतात, एकेकटी किंवा दोन-तीन चिकटून, विखुरलेली. त्यांच्यामधून वलयाला समांतर अशा फिकट, तुटक, केसाइतक्या बारीक रेघा जातात. केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या किरणांच्या रेघा इतक्या नाजूक असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत.

आता हेच सागात पाहा. वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ठळक रांग लागते आणि त्यापुढे छिद्रं एकदम लहान. मधला उतार नाही. शिवाय साग हाताला तेलकट लागतो आणि कापला की त्याचा तो चामड्यासारखा वास लपत नाही. अक्रोडाला कापताना सौम्य वास येतो, तेलकटपणा नाही. शिसमात छिद्रं लहानमोठी मिसळलेली, आणि त्यांना जोडणारे फिकट, नागमोडी पट्टे. शिसमाची आणखी एक पक्की खूण फळीच्या रुंद पृष्ठभागावर असते: भिंगातून पाहिलं तर रेघांना आडव्या अशा अतिशय बारीक, समांतर लहरी दिसतात. अक्रोडात त्या कधीच नसतात. शिरीषात छिद्रं मोठी, विरळ, आणि प्रत्येकाभोवती फिकट कडं. रबरवुडात स्पष्ट वलयंच दिसत नाहीत, आणि त्याचे बोर्ड बहुतेक वेळा बोटं एकमेकांत गुंतवल्यासारख्या दातेरी जोडांचे असतात. ड्रॉवरच्या बाजूला असा दातेरी जोड दिसला की बाकीच्याही फळ्या बारकाईने तपासायच्या.

वजनावर फार भरवसा ठेवू नका. वाळलेला अक्रोड घनफुटाला साधारण १७ ते १८ किलो भरतो, साग साडेअठराच्या आसपास, रबरवुड सतराच्या जवळपास. हातात तोलून यांतला फरक कळत नाही. शिसम मात्र बावीसच्या घरात जातो आणि पॉपलर बाराच्या आसपास राहतो, एवढी दोन टोकं वजनाने वेगळी करता येतात. व्हिनेगरमध्ये लोखंडी काथ्या भिजवून ते पाणी लावायचं, काळं पडलं तर अक्रोड, असाही एक उपाय सांगितला जातो. टॅनिन असलेलं कुठलंही लाकूड त्याने काळं पडतं, बाभूळही आणि ऐनही. त्यामुळे त्यावरून अक्रोड सिद्ध होत नाही.

भिंगालाही एक मर्यादा आहे. काळा अक्रोड आणि काश्मिरी अक्रोड यांचे छेद एकमेकांच्या फार जवळचे असतात. तिथे रंगाची छटा, फळीची लांबी-रुंदी आणि माल कुठून आला हे पाहून ठरवावं लागतं. व्यवहार मोठा असेल आणि वाद होण्याची शक्यता असेल तर डेहराडूनची वन संशोधन संस्था किंवा बेंगळुरूची काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था यांच्याकडे लाकडाचा छोटा तुकडा तपासून घेता येतो.

टीपॉयचं पाहू. श्रीनगरचं अक्रोडावरचं कोरीवकाम जगात नावाजलेलं आहे, त्याला भौगोलिक मानांकन आहे. हे लाकूड कोरायला इतकं चांगलं का, तर त्याचा पोत बारीक आणि एकसारखा आहे, आणि कठीणपणा बेताचा. पटाशी रेघांना आडवी चालवली तरी कड भुरभुरत नाही. चिनारच्या पानाची शीर, द्राक्षाच्या वेलाचा तंतू लाकडात टिकून राहतो, तो यामुळे. सागावर एवढं नाजूक काम केलं तर कडा उडतात. काश्मीरमध्ये १९६९च्या कायद्याने अक्रोडाचं झाड परवानगीशिवाय तोडण्यावर बंदी आहे, त्यामुळे चांगलं लाकूड मुळातच कमी, आणि म्हणून पर्यटकांच्या दुकानांत हलक्या लाकडाला रंग देऊन केलेला मालही असतो.

तुमचं टीपॉय हाताने कोरलेलं आहे का ते असं पाहा. बॅटरीचा उजेड पृष्ठभागाला अगदी तिरका धरा. हातच्या कामात खोलगट जमिनीवर पटाशीचे लहान-मोठे घाव आणि ठोकणीने उठवलेले ठिपके दिसतात, कुठे दाट, कुठे विरळ. पानांच्या कडांखाली पटाशी आत घुसवून लाकूड काढलेलं असतं, नख घातलं तर आत जातं. मशीनच्या कामात खोबणीचा तळ सगळीकडे एकाच गोलाईचा असतो आणि त्यात बारीक समांतर रेषा राहतात. कडांखालची पोकळी सहसा नसतेच, कारण वरून फिरणारा बिट तिथे पोहोचत नाही.

स्वच्छ करायचं तर आधी मऊ ब्रशने धूळ काढा. मग तळाशी, न दिसणाऱ्या जागी स्पिरिट (लाख विरघळवायला वापरतात ते) लावलेला कापूस क्षणभर टेकवा. कापूस तपकिरी आणि चिकट झाला तर वर लाखेचं पॉलिश आहे. त्यावर हे स्पिरिट किंवा थिनर नको. व्हाइट स्पिरिट (नाव सारखं, पण हे वेगळं) किंवा टर्पेंटाइनच्या किंचित ओलसर फडक्याने जुनं मेण आणि मळ निघतो, लाखेला धक्का लागत नाही. त्यानंतर मेणाचा अगदी पातळ हात, कोरीव भागात दात घासायच्या मऊ ब्रशने, आणि सुती फडक्याने चोळून चमक. बस्स. पाणी ओतून, साबण लावून धुऊ नका. गडद रंगाचं मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश त्यावर चढवलं तर खोलगट भागात ते साचतं, बारीक काम बुजतं आणि टीपॉय प्लास्टिकचं वाटू लागतं. टेबलाशी रंग जुळला नाही तरी एकाच खोलीत दोन्ही छान नांदतात.

राहता राहिलं सुताराकडून करून घेणं. आपले सुतार सागावर हात बसलेले आहेत आणि अक्रोड त्यांना आवडतो: रंधा सुरेख चालतो, डिंक चांगला धरतो, स्क्रूसाठी आधी भोक पाडलं की फाटत नाही. अडचण वेगळीकडे आहे. अक्रोड सागापेक्षा जास्त हलतो, म्हणजे ओलाव्याने जास्त फुगतो आणि आकसतो. तीन फूट रुंदीचा साधा कापलेल्या फळ्यांचा टॉप घ्या. लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर सागाचा टॉप साधारण ७ मिलिमीटर रुंदावतो किंवा आकसतो, अक्रोडाचा १० मिलिमीटर. अमेरिकेहून आलेला माल भट्टीत सुकवून ६ ते ८ टक्क्यांवर आणलेला असतो. तो पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या हवेत आला की फुगतोच. म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरा. फळ्या आणल्यावर मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशा रचून काही आठवडे कामाच्या जागी राहू द्यायच्या आणि ओलावा मीटरने मोजायचा. आणि टॉप खालच्या चौकटीला कधीही डिंकाने किंवा घट्ट स्क्रूने जखडायचा नाही. लाकडी गुटके किंवा लांबट भोकातले स्क्रू वापरायचे, म्हणजे टॉपला सरकायला जागा राहते. सागावर हे न करूनही काही वर्षं निभावतं. अक्रोडावर त्याच चुकीने टॉप मधोमध तडकतो. मी दुरुस्तीला आलेले टॉप उलटे करतो तेव्हा बहुतेकांत कारण हेच निघतं.

तडा आहेच तर तो लपवायलाच हवा असं नाही. जॉर्ज नाकाशिमा या जपानी-अमेरिकन कारागिराने काळ्या अक्रोडाच्या अख्ख्या फळ्यांत तडे तसेच ठेवून ते फुलपाखराच्या आकाराच्या लाकडी खिट्टीने धरले आणि तीच त्याची ओळख झाली. हाच माणूस तरुणपणी पाँडिचेरीत गोलकोंड या इमारतीच्या बांधकामावर होता. खिट्टीच्या रेघा तड्याला आडव्या जायला हव्यात, नाहीतर ती पहिल्याच उन्हाळ्यात मोडते.

फळ्या निवडताना बाहेरचा पांढुरका भाग किती आहे ते रंग लावण्याआधी पाहा. लाकूड पोखरणारा भुंगा नेमका त्यातच शिरतो. दाराच्या मागे, पायाच्या आतल्या बाजूला हा पांढुरका भाग रंगाखाली दडवलेला असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत पिठासारखी भुकटी खाली पडू लागते.

लोखंडाची काळजी घ्या. ओला डिंक आणि लोखंडी शिकंजा एकत्र आले की अक्रोडावर निळसर काळा डाग पडतो. शिकंज्याखाली प्लास्टिकची पट्टी ठेवली की प्रश्न मिटला. डाग पडलाच तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य पाण्याने जातो, पण ते विषारी आहे. हातमोजे घालावेत, नंतर ती जागा स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी. घासताना मास्क हवाच, कारण अक्रोडाची भुकटी अनेकांच्या नाका-त्वचेला त्रास देते.

पॉलिशबद्दल माझं मत ठाम आहे: अक्रोडाला रंग देऊ नका. जवसाच्या ‘बॉइल्ड’ तेलात (तयार मिळतं ते, घरी उकळून नव्हे) ३२० नंबरचा वॉटर पेपर बुडवून रेघांच्या दिशेने घासा. लाकडाची भुकटी आणि तेल यांचा लगदा होऊन तो छिद्रांत बसतो, आणि भराव लाकडाच्याच रंगाचा होतो. जादा लगदा रेघांना आडवा पुसून काढा, दोन-तीन दिवस वाळू द्या, मग पुन्हा एक हात. जेवणाच्या टेबलावर तेल पूर्ण वाळल्यानंतर मॅट पीयूचा पातळ थर द्यायला हरकत नाही, आपल्या घरी गरम भांडी आणि हळद दोन्ही असतात. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

ऑर्डर देताना बिलावर ‘वॉलनट’ एवढंच लिहून घेऊ नका. जुग्लान्स नायग्रा की जुग्लान्स रेजिया, सॉलिड कोणते भाग, व्हिनिअर कोणते, हे सगळं लिहून मागा. विक्रेता तोंडी ‘सॉलिड’ म्हणत असेल आणि लिहून द्यायला का-कू करत असेल, तर टॉपचं टोक पाहायचीही गरज नाही, ते टेबल सोडून द्या.